आकसलेली घोंगडी

आई, मामाने तुझ्या लग्नात दिलेल्या रेशमी शेल्यावर आज मी गरम साबणपाणी ओतलं. तू असतीस तर झारा घेऊन धावली असतीस, आणि तुझं चुकलंही नसतं. गरम पाण्याने तुझी एक वस्तू मी आधीच घालवली आहे.

भात कापून झालं की माळशेज घाट उतरून धनगर यायचे आणि खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवायचे. त्यांच्याकडूनच तू भात देऊन घोंगडी घेतलीस. पावसात, भाताची रोपं लावायच्या आवणीला, तीच तुझ्या डोक्यावर. मी सहावीत होते. तू मुरबाडच्या बाजाराला गेलीस आणि मी ती कढत पाण्यात सोडा घालून दगडावर तासभर चोळली. वाळली तेव्हा निम्मी झाली होती, पुठ्ठ्यासारखी घट्ट. "काय केलंस गो हा! आता आवणीला काय घेऊ डोक्यावर?" पण आवणी लागल्यावर तेच आखूड घोंगडं डोक्यावर बांधून गेलीस आणि संध्याकाळी ओटीवर माझा हात धरून आतल्या बाजूला लावलास. बाहेरून पाणी निथळतंय आणि आत कोरडी ऊब. "बघ, एक थेंब नाय आला. लोकर कशी धरून बसलीय गो एकमेकीला!"

तू गेल्यावर शहापूरच्या शिवणवर्गात एका बाईंनी नमदा दाखवला, न कातता, न विणता, नुसती ओली लोकर चोळून केलेलं कापड. माझ्या हातांना ते आधीच येत होतं. तेव्हापासून हेच करते. शेल्याला मात्र वर्षानुवर्षं हात लावायला धजले नाही, एकदा आकसलं की परत येत नाही. आज त्यावर लोकर पसरली, चटईत गुंडाळून दुपारभर लाटली. उलटून पाहते तर लोकरीचे केस रेशमातून आरपार आलेले, आणि रेशमाला बारीक सुरकुत्या, आवणीहून आलेल्या तुझ्या बोटांसारख्या. इतकी वर्षं हे करूनही मी तोंडावर हात ठेवून बसून राहिले.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच सांगते. घोंगडी मळली म्हणून धुतली, असं तेव्हा म्हणाले ते खोटं होतं. तू ती पांघरून मला शाळेतून न्यायला यायचीस आणि मुली मेंढीच्या वासाने नाक मुरडायच्या. मला तो वास घालवायचा होता. आता ओल्या लोकरीचा तोच वास खोलीभर आहे, आणि खिडकी मी अजून उघडलेली नाही.