‘एक दूत’ या दोन शब्दांविषयी

मी, सदतीस सूर्यांच्या साम्राज्याची राज्यकर्ती, वय एक्याऐंशी, डॉक्टरीणबाईंनी नाडी आणि स्मरणशक्ती दोन्ही तपासल्यानंतर, कोणी कान फुंकलेले नसताना, हे मृत्युपत्र लिहिते. डोके शाबूत आहे. याआधीची दोन मृत्युपत्रे रागाच्या भरात केली होती. ती रद्द समजावीत.

कलम १. सिंहासन माझ्या मालकीचे नाही, त्यामुळे ते कोणाला देण्याचा प्रश्न येत नाही. पुढचा राज्यकर्ता मंडळ निवडेल. मंडळाने नेहमीसारखा घोळ घालू नये, एवढीच विनंती.

कलम २. माझी चालण्याची काठी सेनापतींना द्यावी. चाळीस वर्षे ते माझ्यासमोर टेबलावर मूठ आपटत आले. आता मूठ दुखत असेल. राजवस्त्रांचे काय करायचे ते शिंपीणबाईंनी ठरवावे. ती खांद्याला टोचत, हे मी त्यांना कधी बोलले नाही, कारण त्या फार मन लावून शिवत.

कलम ३. गोदीजवळचे वडिलांचे जहाजदुरुस्तीचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या धाकट्या बहिणीला, टिचकीला, द्याव्यात. वडील गेल्यावर सारे माझ्या नावावर झाले, कारण मी थोरली. दुकानात राबली ती. तिथल्या फळीवर तिने प्रत्येक हत्याराची आकृती रंगवून ठेवली आहे, म्हणजे कोणते जागेवर नाही ते लगेच दिसावे. एका पान्याची जागा सव्वीस वर्षे रिकामी आहे. तो पाना माझ्या टेबलाच्या खणात आहे. तोही तिला द्यावा.

कलम ४. आता अवघड काम. ‘शांततेचे राज्य’ हा माझा ग्रंथ सगळ्या ग्रहांवरच्या शाळांत शिकवतात. त्यातले सातवे प्रकरण मुलांना पाठ असते: ज्याच्याशी तह करायचा, त्याचा श्वास आधी मोकळा करावा. हे मला सुचलेले नाही.

मीठखाणींच्या चंद्रावर कामगारांनी बंड केले, तेव्हा सेनापतींनी त्यांचा हवेचा पुरवठा तोडण्याचा बेत आखला आणि मी त्यावर सही करणार होते. टिचकी तेव्हा गोदीत मिस्त्री होती. तेलकट हातांनी ती माझ्या दालनात शिरली आणि म्हणाली, "ताई, त्यांचा हवेचा पंप तसाही बंद पडत आलाय. मी जाते, दुरुस्त करते. मग बोलू."

"तुला ओलीस ठेवतील," मी म्हणाले.

"ठेवू देत. पंप चालू करणाऱ्याला कोण मारतंय?"

बारा दिवस ती तिथे होती. आधी पंप, मग बोलणी. तेराव्या दिवशी त्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि आम्ही त्यांच्या मागण्या मान्य केल्या.

ग्रंथात मी लिहिले, ‘आम्ही एक दूत पाठवला.’ दरबारी इतिहासकार म्हणाले होते की बहिणीचे नाव घातले तर लोकांना घरचे कौतुक वाटेल. मला ते पटले, असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे श्रेय वाटून घेणे जिवावर आले. प्रकाशनाच्या दिवशी टिचकीने ते पान उघडले, बोट ठेवून "एक दूत?" एवढेच विचारले, खिशातला पाना माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेली. मी थोरली, मी कशाला आधी बोलू, या हट्टात सव्वीस वर्षे गेली. शांततेवर ग्रंथ लिहिणाऱ्या बाईला सख्ख्या बहिणीला एक पत्र लिहिता आले नाही. मला याची लाज वाटते.

म्हणून पुढच्या प्रत्येक आवृत्तीत ‘एक दूत’ हे शब्द काढून तिचे नाव घालावे, आणि सातव्या प्रकरणाची लेखिका म्हणूनही तिचेच नाव छापावे. इतिहासकार कुरकुरतील. कुरकुरू द्यावे.

कलम ५. या मृत्युपत्राने ज्याला काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही केल्यास त्याचा वाटा रद्द होऊन गोदीकामगारांच्या मुलांच्या शाळेला जाईल. हा कायदा मीच केलेला आहे.

पुरवणी. चिटणीस नऊ दिवस पक्की प्रत करत बसले होते. विचारले की म्हणत, "शाई वाळतेय." आज दुपारी खरे कारण कळले. चौथे कलम त्यांनी मला न विचारता टिचकीला पाठवले होते आणि ते तिची वाट पाहत होते. त्यांना मी नोकरीवरून काढत नाही.

टिचकी आली. केस सगळे पांढरे, हात अजून तेलकट. तिने उभ्यानेच कागद वाचला आणि पेन मागितले.

"अगं, सही केलीस तर दुकान जाईल," मी म्हणाले.

"जाऊ दे. पोरांना यंत्रं उघडायला जागा लागतेच. दुकानासाठी का थांबले होते मी? तू बोलवशील म्हणून थांबले होते. बोलावलं शेवटी चिटणिसांनी." मग म्हणाली, "तुझ्या कागदावर माझं नाव यायचं राहून गेलं होतं ना, ताई. आता मीच घालते."

मला रडू आले. तेही लिहून ठेवते.

सही करून तिने खण उघडला आणि पाना खिशात घातला. डॉक्टरीणबाई नियमाला पक्क्या, म्हणाल्या, "तोही वाट्यातच येतो. शाळेला जाईल."

"हा माझाच आहे," टिचकी म्हणाली. "हिचा कधी नव्हताच, तर ही देणार कुठून?"

कायदा तिच्या बाजूने आहे. चौथ्या कलमातल्या नावालाही हाच न्याय लावावा. ते मी दिलेले नाही, म्हणून रद्द होत नाही.

सही: राज्यकर्ती, टिचकीची ताई

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई
२. टिचकी, मिस्त्री. मीठखाणींच्या चंद्रावर मी गेले होते.

ठिकाण: राजनिवासाची मागची खोली, खिडकीजवळ
दिनांक: राज्यवर्ष त्रेचाळीस, पाचव्या महिन्याची अकरा तारीख