हिरव्या पट्ट्याची फळी

६ मार्च, सोमवार
काचेची फळी पुन्हा भट्टीत ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या काउंटरची. जुन्या खिडक्यांच्या काचा, मधोमध बाटल्यांच्या हिरव्या काचेचा पट्टा. पहिल्या भाजणीत सगळं एकजीव झालं, कडा घासून घेतल्या. आता फक्त चकाकी आणायची. मग निवेपर्यंत चार दिवस झाकणाला हात लावायचा नाही, गार वारा लागला की काच तडकते!

सहा महिन्यांपूर्वी अशीच फळी तडकली. सकाळी मी आले तर दादा अर्धवट झाकण उचलून उभा. चारचौघांत बोलले त्याला — तुला धीर नाही, माझ्या कामाची माती केलीस. तो झाकण हळूच टेकवून बाहेर गेला. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात आलाच नाही. आता खिडक्या बसवणाऱ्याकडे नोकरी करतो.

७ मार्च
भट्टी सातशेवीस अंशांवर. झरोक्यातून पाहिलं — कडा छान गोल झाल्यात. आता हळूहळू उतरवायचं.

आई म्हणाली, दादाला बोलावू का बघायला? म्हटलं, कशाला, पुन्हा झाकण उघडायला? "आपलेच दात, आपलेच ओठ," एवढंच बोलून आत गेली.

८ मार्च
तीनशेदहा. खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्याजवळ. डॉक्टरीणबाईंचा फोन — सुतार खोळंबलाय. परवा नक्की, म्हटलं.

९ मार्च
दुपारी चारला आतून आवाज आला. टक्. एकदाच.
भट्टीचा पत्रा वाजला असेल. पत्राच असेल.

१० मार्च
उघडली. चकाकी अशी की तोंड बघावं — आणि हिरव्या पट्ट्याच्या कडेकडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. झाकण बंद होतं. कुलूप बंद होतं. किल्ली माझ्याजवळ होती.

मागच्या फळीचे तुकडे पोत्यात होते, ते जमिनीवर जुळवले. तिथंही तडा हिरव्याच्याच कडेनं. दोन्ही काचा निवताना सारख्या आकसत नाहीत. हिरवी घालायची हौस माझी. तेव्हाही दादाला न विचारताच घातली होती.

डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगितलं. म्हणाल्या, साधी चालेल, पण आठवड्यात द्या. तिथून तडक दादाच्या घरी गेले. वहिनीनं दार उघडलं. त्याला सगळं सांगितलं. पुढचं आज लिहवत नाही.

११ मार्च
दादा म्हणाला, "तडा हिरव्या काचेमुळं गेला, हे मला त्याच सकाळी कळलं होतं. तेव्हा सांगितलं असतं, तर तू पुन्हा भट्टीला हात लावला नसतास."