रिसान आहे ती जागा

मी, फख्रिया बिन्त सगबान, मरहूम गादबान यांची विधवा, वय अदमासे सत्तर, राहणार अल-हुमैरा, जिल्हा नासिरिया, अल्लाचे नाव घेऊन आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची ही व्यवस्था करून ठेवते. डोळे अधू झाले असले तरी डोके शाबूत आहे. अक्षर मुल्ला अब्दुल-वाहिद यांचे, शब्द माझे.

राहते घर, अंगणातील तंदूर आणि म्हैस मुलगी नजीहा हिला मिळावी. म्हैस परक्या हाताला दूध देत नाही, म्हणून नजीहाने आतापासूनच येऊन-जाऊन राहावे.

माझे पती गावाबाहेरच्या जुन्या पायऱ्यांच्या बुरुजावर पहारेकरी होते. कुठल्याशा विसरलेल्या देवाचे ते देऊळ. पावसात त्याची एखादी कड ढासळली की घरात मयत झाल्यासारखे ते न जेवता झोपत. त्यांचा लोकरी झगा आताच्या पहारेकऱ्याला द्यावा. हिवाळ्यात तिथला वारा बोचतो.

खजुराची बाग माझ्या मेहेरची, लग्नात नवऱ्याकडून मला मिळालेली. धाकटा दीर मुतशर तिच्यावर हक्क सांगत माझ्याशी भांडत आला. ती मी त्यालाच देत आहे. नजीहाने संमती दिली, पण माझ्याशी बोलणे टाकले. म्हणून कारण लिहून ठेवते.

२००३ साली सरकार पडले त्या उन्हाळ्यात बुरुजावर पहारा उरला नाही. माझे पती तेव्हा हयात नव्हते. कोरलेल्या जुन्या विटा विकत घेणारे गावात येऊ लागले. मुतशर माझ्या मुलाला, रिसानला, तिथे खणायला घेऊन गेला आणि एकटा परतला. पोरगा कुवेतला कामाला गेला, असे त्याने सांगितले. मी विश्वास ठेवला. त्याच्यासाठी ठरवून ठेवलेल्या मुलीच्या घरच्यांना थांबायला सांगितले. दर ईदला रिसानसाठी अंगरखा शिवला. पुढे पुढे मापाचा अंदाज येईना.

कुवेतहून परतलेल्या एकाही माणसाने त्याला पाहिले नव्हते. शेवटी गेल्या हिवाळ्यात मी मुतशरला निरोप धाडला की बाग घे, पण खरे सांग. तो आला. चहाला हात लावला नाही.

"वहिनी, खड्डा वरून खचला," तो म्हणाला. "बाकीचे पळाले. मीही पळालो."

"आतून आवाज येत होता का?"

त्याने चहाचा पेला दूर सरकवला. मी पुन्हा विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला बुरुजाच्या पूर्वेला घेऊन गेला. जमीन खड्ड्यांनी चाळणी झालेली, पावसाच्या गाळाने अर्धवट बुजलेली. काठी टेकत तो एकेका खड्ड्यापाशी थांबला. शेवटी मातीतच बसला.

"सगळे सारखेच दिसतात, वहिनी. मला ओळखता येत नाही."

त्याने खरे सांगितले, म्हणून बाग त्याची. मात्र ही माफी नव्हे. माझ्या मयतीच्या जेवणावळीत कोणी तसे म्हणाले, तर नजीहाने त्याला ताटावरून उठवावे.

पुढे कधी पुराणवस्तू खाते बुरुजाच्या पूर्वेला खोदेल. तिथे जुन्या लोकांची हाडे निघतात, ती आकडे घालून, पेट्यांत भरून शहराला जातात. साहेबांना माझी विनंती आहे. डावा हात कोपराजवळ मोडून वाकडा जुळलेला सापडला, तर तो माझा रिसान, त्या लोकांपैकी नव्हे. लहानपणी गाढवावरून पडला होता. त्याच्यावर आकडा घालू नये. नजीहाला किंवा तिच्या मुलांना कळवावे. त्याला नजफच्या कबरस्तानात नेऊन, आंघोळ घालून, नाव घेऊन पुरावे. तिथे माझ्या कबरीच्या जागेशेजारी आणखी एक जागा घेतली आहे. ती कोणाला देऊ नये, कितीही वर्षे लागोत.

मृत्युपत्र करणार : फख्रिया बिन्त सगबान (अंगठा)

साक्षीदार : मुल्ला अब्दुल-वाहिद; उबैद, हल्लीचा पहारेकरी

कबुली देणार : मुतशर, धाकटा दीर (अंगठा). वाचून दाखवले तेव्हा म्हणाला, "मी पळालो, ते खोडू नका."

अल-हुमैरा, ९ मार्च २०२१