एकोणीस तारखेची सही

३ मार्च, सोमवार
प्रयोगशाळेत रुजू झाले. आईला जाऊन बारा दिवस. टेबल पुसलेलं, कपात मात्र बुरशी. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. रडू येत नाही. येत नाही तर नाही!

४ मार्च
सरकारी वकिलांचा फोन. जलदगती न्यायालयातला गुरांच्या इंजेक्शनचा खटला – एका औषध दुकानदाराने निकामी माल विकला म्हणून. माझ्या सहीचं तपासणीचं प्रमाणपत्र दाखल केलंय. "तुम्ही यायची गरजच नाही, मॅडम. सही आहे ना, तोच पुरावा. त्यांच्या वकिलाने मुदतीत हरकत घेतली नाही, विषय संपला." परवाना जाईल, कैदही होईल म्हणाले. मी बरं म्हटलं. हल्ली सगळ्यालाच बरं म्हणते.
डबा न उघडताच घरी आणला.

६ मार्च
दादाने आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती दिल्या. "जपून ठेव, पदोपदी लागतो." १९ फेब्रुवारी, सकाळी अकरा वीस. कपाटात ठेवल्या.

७ मार्च
फाईल लावताना ते प्रमाणपत्र वाचलं. 'सदर नमुना मी स्वतः १९ फेब्रुवारी रोजी तपासला.'
सही माझीच. आईला दवाखान्यात हलवलं त्या दिवशी पाच कोऱ्या फॉर्मवर सह्या करून पळाले होते. रजेवर जाताना आमच्याकडे सगळेच करतात, काम अडायला नको म्हणून. आजही वाचून फारसं काही वाटलं नाही. त्याचीच भीती वाटली.

१० मार्च
काकांना विचारलं. आमचे सहायक; निवृत्तीला वर्ष उरलंय, सगळे काकाच म्हणतात. फॉर्म त्यांनीच भरला – औषधाच्या ताकदीचा आकडा दुसऱ्याच दुकानातल्या बाटलीचा! "बॅच एकच हो मॅडम, आकडा वेगळा कुठून येणार? नमुन्यांचा ढीग पडला होता, शिवजयंतीच्या सुट्टीलाही काम चालू होतं, तुम्ही नव्हता…"
बॅच एक, पण दुकानं दोन, फ्रीज दोन! हे औषध थंड राहिलं नाही की ताकद जाते, हे काकांनीच मला शिकवलं होतं.
खटल्यातल्या दुकानाची बाटली नमुन्यांच्या कपाटात सापडली. सील शाबूत. उघडलेलीच नाही.

११ मार्च
त्या दुकानात गेले. कोण ते सांगितलं नाही. फ्रीजच्या दाराला वही टांगलेली, तापमानाच्या नोंदींची. एकही दिवस रिकामा नाही.
"तुम्ही लिहिता?"
"बायको लिहिते. सकाळ-संध्याकाळ, नेमाने. वकील म्हणतो, सरकारी सहीपुढे तुमच्या वहीला कोण विचारतंय! परवा निकाल आहे. तुम्हाला काय देऊ?"
काही नको म्हटलं. तरी बसायला स्टूल पुढे केलं त्यांनी.

१२ मार्च
साहेबांना सगळं सांगितलं. "आता तोंड उघडलंत तर नोकरीवर गदा येईल, तुमच्या आणि काकांच्याही. दुःख ताजं आहे, डोकं ठिकाणावर नाही तुमचं. चार दिवस रजा घ्या." रजा घेतली.

१३ मार्च
रजेच्या पहिल्या दिवशी न्यायालयात. न बोलावता. सीलबंद बाटलीचं सांगितलं, मग आईचा दाखला पुढे केला. न्यायाधीशांनी विचारलं, "हा कशाला?"
"एकोणीस तारखेला मी प्रयोगशाळेत नव्हते, त्याचा पुरावा. आईचा हात धरून बसले होते."
आणि रडू फुटलं. सगळ्यांदेखत. थांबेचना.