जुन्या संगणकासाठी नवा वाचक
गुरुवार, सायंकाळ. धुळे.

आज संध्याकाळपर्यंत काही चालले नाही, तर हा जुना संगणक भंगारात जाईल, असे थोरल्या बंधूंनी, म्हणजे आबांनी, सकाळीच बजावले होते. गणिताच्या न्यूजग्रुपवरील, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंडळावरील, लेखी चर्चा मी वर्षानुवर्षे याच यंत्रावर वाचते. नेमका वाचण्याचा प्रोग्रामच बंद पडला. मोफत मिळणारे तीन पर्याय तपासले. पहिला जाहिरातींनी बरबटलेला. दुसऱ्याला माझे यंत्रच म्हातारे वाटले. तिसरा मात्र... इतका लहान आणि इतका नेटका! प्रत्येक उत्तर मूळ प्रश्नाखाली किंचित आत सरकवून मांडलेले. ज्याने हे रचले, त्याने ते फुकट वाटावे? हट्टाने दोष शोधत बसले, सापडला नाही. ती आत सरकलेली उत्तरे पुन्हा पाहिली. सिद्धतेची प्रत्येक पायरी अशीच आधीच्या पायरीखाली मांडा, हे गणिताच्या वर्गात मुलांना सांगून सांगून मी थकले होते.

आबा मागे येऊन उभे राहिले. "बठ्ठं जग मोबाइलवर गये, अन् तू आठे काय करी राहिनी?"

"इथे? वाचते आहे. हा संगणक कुठेही जाणार नाही."

पडद्याकडे वाकून ते डोळे बारीक करून एकेक ओळ वाचू लागले. मग म्हणाले, "अक्षरं जराशी मोठी कर ना, माले दिखत नही."