काळुरामची विहीर

डोंबिवली, १२ मे १९५३

चि. सौ. द्वारकेस दादाचे ओंजळभर आशीर्वाद.

आज पहाटे आपल्या रहाटाची कुरकुर आठवली. तिच्या ठेक्यावर आपण शाळेतल्या कविता म्हणायचो. बाबा शेजाऱ्यांचे हंडे आधी भरू द्यायचे.

मी बरा आहे. पाणी मात्र आटलंय. आमची चाळ काळुराम शेतकऱ्याच्या विहिरीवर जगते. वर्तमानपत्रात पाण्याच्या समान वाटपाच्या सरकारी योजना वाचून चाळीने सभा भरवली. ठरलं काय, तर सकाळी चाळीने भरायचं, नऊनंतर काळुरामच्या घरच्यांनी! मी म्हटलं, "अहो, विहीर त्यांची ना?" सभेचे अध्यक्ष त्र्यंबकराव म्हणाले, "मास्तर, पाणी राष्ट्राचं असतं. तुमचं अक्षर चांगलं, पाटी तुम्हीच लिहा." मी लिहिली, वर कवितेची झोकदार ओळही घातली. काळुराम भिडस्त, मान डोलावून निघून गेला. नऊला विहिरीत नुसता चिखल उरतो. लाज वाटते गं, तरी माझी घागर रोज भरलेली असते.

तुमच्याकडे पाणी पुरतंय ना?

तुझा,
दादा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दार वाजलं. काळुरामची आई गोदा कळशी घेऊन उभी आहे. म्हणते, "मास्तर, नातीला ताप हाय. तांब्याभर पानी द्याल का?"