तंगडीचा वशिला

सोमवार, ४ सप्टेंबर. सकाळ.
आज माझ्या कॉफीवर फेस नव्हता. शांतपणे नोंदवतो. आमच्या लग्नानंतर देशाचं नाव बदललं, सीमा बदलल्या, नोटांवरचे चेहरे बदलले. कॉफीवरचा फेस ढळला नाही. आज ढळला. कारण बायकोच्या, म्हणजे ल्युबिंकाच्या, शहराला ऊब पुरवणाऱ्या हीटिंग कंपनीत पुनर्रचना चालू आहे आणि बाईसाहेबांना मीटिंगला पळायचं होतं. नवा साहेब रेल्या, पांढरे बूट घालणारा पोरगा. त्याने बिलिंग खात्यातल्या भिंती पाडल्या, बायकांची कॉफीची शेगडी बंद केली. आता प्रत्येकाने आपापल्या जागेसाठी पुन्हा अर्ज करायचा. स्वतःच्याच खुर्चीसाठी! शी.

मंगळवार, ५.
संकल्प : ल्युबिंकाची नोकरी मी वाचवणार. रेल्वे वर्कशॉप बंद पडल्यापासून या घराची धोरणं मीच आखतो, स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून. ती काहीतरी सांगू पाहत होती. म्हटलं, काळजी करू नकोस, मला सगळं कळतं. म्हणाली, "हो, तोच तर प्रॉब्लेम आहे."
ताण आलाय बिचारीला.

गुरुवार, ७.
तियाना जेवायला आली. आमची मुलगी. पुन्हा नोकरी सोडली. का? "बाबा, तिथे शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं." आमच्या वेळी माणूस पहिल्या आठवड्यात शिकणं उरकायचा आणि मग पेन्शनपर्यंत निवांत. त्याला करिअर म्हणत. किळस येते या पिढीची. आणि आई तिच्याच बाजूने! दोघी भांडी घासताना कुजबुजत होत्या. मी आत गेलो तर गप्प. काय शिजतंय, विचारलं. "घेवडा," तियाना म्हणाली.
घेवडा तर जेवून झाला होता.

शनिवार, ९.
वशिला सापडला. माझ्या लग्नातला साक्षीदार वितोमिर (म्हणजे भावाहून जवळचा) ल्युबिंकाच्या कंपनीतल्या, कर्मचारी खात्याच्या त्स्वेत्कोबरोबर मासे धरायला जातो. पण रिकाम्या हाताने जाणं हे पांढऱ्या बुटांचं लक्षण. शेजारच्या स्तानोयेच्या माळ्यावर धुरावर वाळवलेली डुकराची अख्खी तंगडी टांगलेली असते. उसनी घेतली. बदल्यात त्याच्या आयवारसाठी, म्हणजे हिवाळ्याच्या चटणीसाठी, भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलून द्यायचं बोललो. तो म्हणाला, "शेजारी, तू? तुला तर उकडलेलं अंडंही सोलून लागतं!"
अडाणी माणूस. असो, मिरच्यांना अवकाश आहे. तोवर विसरेल.

मंगळवार, १२.
तंगडी पोचली. त्स्वेत्कोने हुंगली, डोळे मिटले, म्हणाला, "मोमिर, आता वहिनींना कुणी हलवत नाही. झालं समज." याला म्हणतात व्यवस्था! अर्ज नाही, मुलाखत नाही. घरी बोललो नाही. थोर माणसं उपकार मिरवत नाहीत.

सोमवार, १८. संध्याकाळ.
यादी लागली. ल्युबिंका कायम! आलुबुखाराच्या दारूचे दोन पेले भरून बसलो. ती आली, पर्स आपटली.
तिने स्वेच्छानिवृत्ती मागितली होती. उन्हाळ्यापासून ठरलं होतं. भरपाईच्या पैशांतून ती आणि तियाना छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहायचं ऑफिस काढणार होत्या. कुणीतरी तिचा अर्ज फायलीतून काढून टाकला.
"कोण गेलं होतं रे माझ्यासाठी नाक घासायला?"
म्हटलं, चौकशी करतो.
"मोमिर, तुझ्या रविवारच्या कोटाला अजून तंगडीचा वास येतोय."
दोन्ही पेले तीच प्यायली.

मंगळवार, १९.
ती थेट रेल्याच्या टेबलाशी गेली. त्याने विचारलं, "ल्युबिंकाताई, तुम्हाला स्वतःला काय हवंय?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणे. "कुणीच," असं पुन्हा म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. साहेबाने विचारायचं असतं का? किळसवाणी पद्धत. अर्ज मंजूर. त्स्वेत्कोचं पदच रद्द झालं. तो घरी गेला. तंगडीही त्याच्याबरोबर.

सोमवार, २५.
खिडकीजवळचं टेबल आता ऑफिस आहे. त्यावर लॅपटॉप, प्रिंटर आणि बेकरीवाल्याची बिलं. मी माझ्या खुर्चीत बसायला गेलो तर तियानाने विचारलं, "बाबा, तुला नक्की काय काय येतं?"
विचार करून सांगतो म्हटलं. अजून करतोय.

शनिवार, ३०.
सकाळची कॉफी मी केली. उतू गेली. फेस शेगडीवर, काळं पाणी कपात. ल्युबिंकाने एक घोट घेतला. "पिता येतेय," म्हणाली आणि पुन्हा बिलांत डोकं घातलं.
अंगणातून भाजक्या मिरच्यांचा वास येत होता. खाली गेलो. स्तानोयेने तंगडीचं नाव काढलं नाही. पायानेच एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. बाह्या दुमडल्या. मिरच्या गरम होत्या, साल नखांत शिरत होती.
टोपलीचा तळ दिसेपर्यंत सोलल्या.